बहुमत नसलेल्या दिवसांचा फळा

बाई,

आधी बातमी. राज्यात सरकार झाले. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले दोन पक्ष निकालानंतर एकत्र आले, काही लहान पक्ष आणि अपक्ष त्यांना येऊन मिळाले, पाठिंब्याची पत्रे राज्यपालांकडे गेली आणि शपथविधी पार पडला. विश्वासदर्शक ठराव अजून सभागृहापुढे यायचा आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी यातले काहीच ठरलेले नव्हते. आदल्या संध्याकाळी रुग्णालयात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि भेटीची वेळ संपली म्हणून मी उत्तर न देता उठलो होतो. ते उत्तर द्यायचे राहिले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

परवा वाचनालयात शोकसभा झाली. वक्त्यांनी तुमच्या नोकरीची वर्षे सांगितली, नागरिकशास्त्राच्या तासांबद्दल सांगितले, तुमच्या विद्यार्थिनी आज कुठे कुठे आहेत तेही सांगितले. फळ्याबद्दल एकाच वक्त्याने एक वाक्य म्हटले : ‘बाई बाहेरचा फळाही लिहीत असत.’ तपशील बरोबर होता. त्याच्यात चूक काढता येत नाही. पण त्या एका वाक्यात जे मावले नाही, त्याच्याशिवाय मला तुमच्याविषयी फारसे काही माहीत नाही.

वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवरचा तो फळा. निजामपुऱ्यातून बाजाराकडे येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जातो. अर्धा भाग मराठीचा, तो तुमच्या अक्षरात. अर्धा उर्दूचा, तो रईसभाईंच्या. ते दुकानांच्या पाट्या रंगवत, आणि पाटीचे काम संपवून आले की त्यांच्या बोटांना लागलेला रंग खडूला लागे. मी ठाण्याच्या दैनिकाचा वार्ताहर. कचेरीतून बातमी समोरच्या औषधांच्या दुकानातल्या फोनवर येई, मी ती घेऊन रस्ता ओलांडे. संध्याकाळी दिवसपाळी सुटली की यंत्रमागांच्या कारखान्यांतली माणसे वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी थांबत. त्यांच्या जागी रातपाळीची माणसे उभी राहिलेली असत, त्यामुळे लूमचा खडखडाट चालूच असे, आणि फळ्यासमोर बोलणाऱ्याला वर्गात बोलतो त्याहून मोठ्याने बोलावे लागे. तुम्हाला त्याचे काही वाटत नसे.

एकोणनव्वद साली दिल्लीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. तोवर आपल्याकडे निकाल आणि सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सामान्य माणसाला शिकावे लागले नव्हते. मतमोजणी संपली की सरकार कोणाचे ते कळत असे. त्या वेळी मोजणी संपली आणि कळले नाही. तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेत : ‘कोणालाही बहुमत नाही.’ लोक ते वाचत आणि वळून विचारत, ‘ते ठीक आहे, पण जिंकलं कोण?’

जनूशेठ त्यात सर्वांत पुढे. पडघ्याकडे भातशेती, हमरस्त्याला लागून गोदामाच्या जागा, आणि एका पक्षावर अशी निष्ठा की बैलाच्या शिंगांनाही त्याच पक्षाचा रंग. त्यांच्या पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या होत्या.

“बाई, आमचे जागा सगल्यांत जास्त हायेत का न्हाय?”

“आहेत.”

“मंग जिकला कोन?”

“अजून कोणी नाही.”

“असा कसा? कबड्डीत गुन जास्त त्याचा कप. बेंजोवाला सकालपासून बसलाय माझे ओट्यावर. दोनदा जेवला त्यो.”

“तिसऱ्यांदा जेवू घाला, जनूशेठ. पण वाजवायला लावू नका.”

पायऱ्यांवरची माणसे हसली. जनूशेठही हसले. पण बेंजोवाल्याला त्यांनी परत पाठवले नाही. दुसऱ्या बाजूनेही हार आणून ठेवले होते आणि फटाक्यांच्या माळा विकत घेतल्या होत्या. विजयाची मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाते आणि कोणत्या दारापुढे थांबून नाचते, याने या गावात काय घडू शकते, हे चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. म्हणून फळ्यावर काय लिहायचे हा त्या आठवड्यात केवळ शब्दांचा प्रश्न नव्हता.

आपला वाद तिथे सुरू झाला. माझे म्हणणे, जे घडले तेवढेच लिहावे. पक्षांच्या जागा लिहा, मावळत्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला असेल तर ते लिहा, बास. तुमचे म्हणणे, त्याने भागत नाही.

“पुढची पायरी कोणती ते सांगितलं नाही, तर लोक आपापली पायरी बांधतात,” तुम्ही म्हणालात. “आणि मग तिच्यावरून चढतात.”

“पुढची पायरी आपल्याला माहीत नाही.”

“राष्ट्रपती आधी सर्वांत मोठ्या पक्षाला विचारतात. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला.”

“घटनेत असा क्रम नाही, बाई. ज्याच्यामागे सभागृह उभं राहील असं दिसतं, त्याला बोलावतात. मोजणी सभागृहात होते. बाकी सगळी प्रथा.”

“प्रथा तर प्रथा. वर्गातही मी तेच शिकवते.”

“वर्गात शिकवा. फळ्यावर उद्याची बातमी लिहू नका.”

तुम्ही लिहिलीत. फळ्याच्या वर मराठीत आणि खाली उर्दूत एकच वाक्य : ‘राष्ट्रपती या क्रमाने विचारणा करतील.’ जागा कमी होती, म्हणून पक्षांची नावे दोनदा न लिहिता मधोमध तीन निशाण्यांची एकच रांग काढलीत, दोन्ही वाक्यांना सामाईक. निशाण्या वाचता न येणाऱ्यालाही कळतात, हा तुमचा विचार. चित्रे छान आली होती. डावीकडे सर्वांत मोठा पक्ष, मध्ये दुसरा, उजवीकडे तिसरा. रईसभाईंनी खालचे वाक्य लिहिले आणि ते एका दुकानाची पाटी पुरी करायला निघून गेले.

दिवसपाळी सुटल्यावर पहिली बाचाबाची झाली ती दोन दोस्तांत. शेजारशेजारच्या लूमवर काम करणारे, एकाच डब्यातून जेवणारे. एक म्हणाला, पहिले बोलावणे या निशाणीला. दुसरा म्हणाला, डोळे फुटलेत का, पहिली ती आहे.

“पढ ना! सामने लिखा है!”

“तेच वाचतोय मी! तू पढ!”

दोघेही फळ्याकडे बोट दाखवत होते आणि दोघेही खरे बोलत होते. बघता बघता पायऱ्यांवर दोन गट झाले. त्यात हिंदू कोण, मुसलमान कोण अशी वाटणी नव्हती. ज्याने वरचे वाचले तो एका बाजूला, ज्याने खालचे वाचले तो दुसऱ्या बाजूला, आणि ज्याला वाचता येत नव्हते तो ज्याचे त्याने ऐकले त्याच्या बाजूला. जनूशेठची माणसे बेंजोवाल्याला घेऊन कोपऱ्यावर आली. समोरून हारवाले आले. कोणीतरी फटाक्याची माळ उलगडली.

रईसभाई रंगाचे हात तसेच घेऊन गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी फळ्याकडे एकदा पाहिले आणि तुमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, गडबड हो गई. तुम्हारा पहला हमारा आखरी है.”

मराठी डावीकडून वाचायची, उर्दू उजवीकडून. रांग एकच होती.

तुम्ही फडके उचललेत. त्याबरोबर गर्दीतून ओरडा झाला, “मिटवायचा न्हाय! आता मिटवायचा न्हाय!” ते बरोबरही होते. एवढ्या माणसांसमोर फळा पुसणे म्हणजे काहीतरी लपवणे, आणि जे लपवले जाते ते आपल्याविरुद्ध असते, असे दोन्ही बाजूंना वाटले असते. मी तुमच्या जागी असतो तर पुसला असता. तुम्ही फडके खाली ठेवलेत आणि त्या दोन दोस्तांना वर बोलावलेत.

“तुम्ही दोघं वाचून दाखवा. मोठ्यानं. बोट ठेवून.”

दोघे फळ्याच्या दोन टोकांना उभे राहिले. एकाने डावीकडच्या निशाणीवर बोट ठेवले, दुसऱ्याने उजवीकडच्या. “पहिली,” एक म्हणाला. “पहली,” दुसरा म्हणाला. दोन्ही बोटे सरकत मधल्या निशाणीवर आली आणि एकमेकांना भिडली. तिथे दोघेही ‘दुसरी’ म्हणाले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

हसू पायऱ्यांवरून सुरू झाले आणि कोपऱ्यापर्यंत गेले. ज्याच्या हातात माळ होती तोही हसत होता. “चूक माझी आहे,” तुम्ही म्हणालात. “अजून कोणालाच बोलावलेलं नाही. आता पुसू का?” कोणी नाही म्हणाले नाही. मग तुम्ही निशाण्या एकाखाली एक काढल्यात, कारण वरून खाली सगळेच सारखे वाचतात.

मी जवळ येऊन म्हणालो, “क्रम तसाच राहिला.”

“राहू दे. आता निदान सगळे एकच चुकीचं वाचतील.”

तुमच्या विनोदाची ही रीत वक्त्यांपैकी कोणाला माहीत नसावी.

त्यानंतर जे घडले ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. सर्वांत मोठ्या पक्षाने विरोधात बसायचे ठरवले. त्याहून कमी जागांच्या आघाडीने सरकार बनवले आणि एकमेकांशी मुळीच न पटणाऱ्या दोन बाजूंनी तिला बाहेरून पाठिंबा दिला. जनूशेठ फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“ज्याचे जागा जास्त त्यो बाहेर. कमी हायेत त्यो आत. आन् ज्यो आत न्हाय त्योच आतल्याला उचलून धरतंय. बाई, ह्या कनचा खेल?”

तुम्ही त्यांना टेकूचा दाखला दिलात. छपराला टेकू लावतात, तो छपराचा भाग नसतो, पण काढला की कळते काय झाले ते. मला तो दाखला पटला नव्हता. टेकू काही मागत नाही, बाहेरून पाठिंबा देणारा रोज मागतो आणि जबाबदारी घेत नाही, असे मी नंतर म्हणालो. तुम्ही म्हणालात, “तुमचं बरोबर आहे. पण तुमच्याकडे दाखलाच नसतो. माणसं रिकाम्या हातानं घरी जातात.” त्या बेंजोवाल्याने शेवटी जनूशेठच्या पुतण्याच्या हळदीत वाजवले. टेकू वर्षभराने निघाला. छपराचे व्हायचे ते झाले. तुम्ही मला तेव्हा त्या दाखल्याची आठवण करून दिली नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

पुढच्या दहा वर्षांत दिल्लीने आपल्या वादाला भरपूर खाद्य पुरवले. शहाण्णवमध्ये राष्ट्रपतींनी सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावले, त्याला बहुमत जमवता आले नाही आणि ठराव मताला जाण्याआधीच राजीनामा आला. त्या दिवशी आपण वज्रेश्वरीच्या बसमध्ये होतो. तुम्ही कुंडातल्या गरम पाण्याने गुडघे शेकायला निघाला होता, मी तिथल्या बाजाराची बातमी करायला. तुमच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होता आणि अख्खी बस ऐकत होती.

“बघा, आधी मोठ्यालाच बोलावलं,” तुम्ही म्हणालात. “क्रम होता.”

“प्रथा होती, बाई. आणि ती फसली.”

“फसली म्हणजे होती ना?”

कंडक्टर म्हणाला, “बाई, सरांना तिकीट देऊ की तुमचं भांडण संपू देऊ?”

अठ्ठ्याण्णवमध्ये दुसऱ्या राष्ट्रपतींनी आधी पाठिंब्याची पत्रे मागितली आणि मगच बोलावले. म्हणजे मोठा कोण हे न पाहता जमवले कोणी हे पाहिले. मी ती बातमी घेऊन आलो तेव्हा तुम्ही आधी फळा पुसून घेतलात. मग लिहिलेत : ‘या वेळी पायरी बदलली आहे.’ मला ते वाक्य आवडले होते. बोललो नाही. या एप्रिलमध्ये दिल्लीचे सरकार एका मताने गेले तेव्हा चहाच्या प्रत्येक दुकानात टीव्ही होता, फळ्याची कोणाला गरज उरली नव्हती. तरी माणसे पायऱ्यांशी आली. बातमी त्यांना कळलेली होती. ती तिचा अर्थ विचारायला आली होती.

यात माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. तुमच्यामुळे माझ्या बातम्यांच्या शेवटी एक परिच्छेद येऊ लागला, आता नियमाप्रमाणे काय व्हायचे आहे हे सांगणारा. कचेरीत तो जागेअभावी सर्वांत आधी कापला जाई. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंक उघडून म्हणत, “शेपूट कुठे गेलं?” पुढे मी बातमीचा वरचा भाग आखूड लिहू लागलो, म्हणजे शेपटाला जागा उरेल. हे कोणी शिकवले असे कचेरीत विचारले गेले तेव्हा मी सांगितले नाही. आता सांगतो.

तुमचे मत कोणाला जाते हे मला कधी कळले नाही. मी विचारले नाही, तुम्ही सांगितले नाही. तीन निशाण्या तुम्ही सारख्याच निगुतीने काढल्या होत्या.

आता शेवटच्या संध्याकाळबद्दल. निकाल लागून गेला होता. दिल्लीचे ठरले होते, मुंबईचे अडले होते. सलाइनची सुई असलेला हात चादरीवर तसाच ठेवून तुम्ही विचारलेत, “सर्वांत मोठा पक्ष एक, सर्वांत मोठी युती दुसरीच. राज्यपाल कोणाला बोलावणार?”

“अजून कोणाला नाही.”

“ते मला माहीत आहे. तुमचा अंदाज सांगा.”

“मी अंदाज देत नाही, बाई.”

“फळ्यासाठी कुठे मागते? मला द्या.”

मी दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, एकमेकांपासून फुटून वेगळे लढलेले ते दोन पक्ष पुन्हा एकत्र येतील, आकडा जुळतो तो तिथेच. तुम्ही मोकळ्या हाताच्या बोटांवर आकडे जुळवून पाहिलेत. मग म्हणालात, “फळ्यावर लिहू नका हं.” आपल्या जागा बदलल्या आहेत हे आपल्या दोघांच्याही लक्षात आले आणि आपण दोघेही हसलो. तुम्हाला खोकला आला.

खोकला थांबल्यावर तुम्ही तो प्रश्न विचारलात. आवाज वर्गातला नव्हता. “सगळा पावसाळा एकमेकांना नाही नाही ते बोलले. लोकांनी एकाला मत दिलं ते दुसरा नको म्हणून. आता दोघं शेजारी बसणार. मग मत दिलं कशाला?”

परिचारिका दारातून म्हणाली, “काका, वेळ संपली.” मी म्हणालो, उद्या बोलू. सकाळी तुमच्या भाच्याचा फोन औषधांच्या दुकानात आला.

त्या प्रश्नात तुमचे स्वतःचे मत होते असे मला वाटले. खात्री नाही. पण दुसऱ्यांसाठी विचारलेला प्रश्न तुम्ही तसा विचारत नसा.

तर उत्तर असे. आपण सरकारला मत देत नाही. आपल्या भागातून सभागृहात कोण जाऊन बसेल, तेवढ्यालाच मत देतो. एका पक्षामागे पुरेशी माणसे आली तर हा फरक दिसत नाही, मत दिले आणि सरकार आले असे वाटते. नाही आली तर फरक उघडा पडतो. मग निवडून गेलेल्यांनी आपसांत बोलून बहुमत उभे करायचे असते, आणि बोलायचे झाले तर ते कालच्या विरोधकाशीच बोलावे लागते, कारण दुसरे कोणी सभागृहात नसतेच. ते बोलले नाहीत तर पुन्हा निवडणूक, आणि पुन्हा हाच आकडा आला तर पुन्हा तीच. एकत्र येणाऱ्यांनी कशासाठी एकत्र आलो ते लोकांसमोर लिहून द्यावे, आणि जमले नाही तर सभागृहात उभे राहून तसे सांगावे, इतके मागता येते. त्याहून जास्त मागायची सोय नियमात नाही.

हे मी चार दिवस तपासून पाहिले. नियम म्हणून त्यात चूक नाही. पण ज्याचा ‘तो नको’ म्हणून मारलेला शिक्का शेवटी त्या नकोशाच्याच बाजूला मोजला गेला, त्या माणसाला हे उत्तर वाचून दाखवले तर तो काय करेल, हे मला सांगता येत नाही. त्याच्यासाठी दाखला लागेल. तो माझ्याकडे नाही.

तुम्ही यावर काय म्हणाला असता, याचा मला अंदाज आहे. तो मी देणार नाही. ते तुम्ही म्हणायचे होते.